गोठ्यातल्याच्या चार पदव्या

माझी आई आणि माझे मामा वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्याचा त्रास त्या दोघांना सोडून फक्त मला होत होता. भाऊ-बहीण शेतीवरून भांडतात, घरावरून भांडतात, लग्नातल्या मानपानावरून भांडतात. ते मी समजू शकते. हे दोघं भांडले येशू ख्रिस्ताच्या पदव्यांवरून. ऑफिसात कुणी विचारलं, काय गं, चेहरा का असा, तर सांगायची सोय नाही.

आईचं माहेर बौद्ध. ती लग्न होऊन ख्रिस्ती घरात आली आणि आमच्यापेक्षा पक्की ख्रिस्ती झाली. तिला एकच भाऊ, तिच्याहून लहान. हे मामा फुलंब्रीच्या अलीकडं एका खेड्यात राहतात. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्यात असतो, नोकरी संपल्यावर मामांनी म्हशी पाळल्या. धर्म वेगळे झाले म्हणून दोघांचं कधी अडलं नाही. नाताळला मामा आमच्याकडं बिर्याणी खायला यायचे, आणि बुद्धपौर्णिमेला आई त्यांच्याकडं खीर खायला जायची. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

शहराच्या छावणी भागातल्या आमच्या चर्चमध्ये नाताळच्या सकाळी भविष्यवाणीचं वाचन आईकडं असतं. ख्रिस्त जन्मण्याच्या कितीतरी शतकं आधी एका संदेष्ट्यानं सांगून ठेवलं होतं की आपल्यासाठी एक बाळ जन्माला येणार आहे आणि लोक त्याला चार पदव्यांनी ओळखतील: अद्भुत मंत्री, समर्थ देव, सनातन पिता, शांतीचा अधिपती. या ओळी आल्या की आई चष्मा काढते. तिला त्या पाठ आहेत, आणि पाठ आहेत हे मागच्या बाकापर्यंत कळावं अशी तिची इच्छा असते.

गेल्याच्या आदल्या नाताळला मामा लवकर आले आणि उगाच चर्चमध्ये येऊन बसले. एरवी ते थेट जेवायलाच यायचे. तेवढं एक केलं नसतं तर माझं वर्ष सुखात गेलं असतं.

जेवताना, ताटात दुसऱ्यांदा बिर्याणी वाढून घेतल्यावर, ते म्हणाले, "आक्का, एक इचारू का? त्या गोठ्यातल्या लेकराला तुम्ही ह्या राजवाड्यातल्या पदव्या कशापायी डकवता? गोठ्यात जन्मलेल्याला लोक काय म्हणतात, मला इचार."

आम्ही हसलो. आई हसली नाही.

"जेवायचं तर गुमान जेव," ती म्हणाली, "नाहीतर ऊठ."

मामा उठले. ताटात अर्धी बिर्याणी तशीच टाकून, हात धुऊन, चपला घालून चालू लागले. मी रस्त्यापर्यंत मागं गेले. त्यांनी रिक्षाला हात केला आणि मला म्हणाले, "तू जा आत, ऊन लागंल." डिसेंबरात!

त्यानंतर सुरू झाली माझी टपालसेवा.

चार दिवसांनी मामांचा फोन. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाले, "तुझ्या आईला एक इचार. तो शांतीचा अधिपती म्हणता ना तुम्ही, तर कुठल्या राज्याचा? सातबारा कुणाच्या नावावर हाय?" मी म्हटलं, मामा, आई शेजारीच बसली आहे, फोन देते. तर म्हणाले, "नको नको, तू इचार." मी विचारलं. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांग त्याला, ते राज्य जमिनीचं नाही. माणसाच्या मनात ज्याची सत्ता चालते त्याला सातबारा लागत नाही." मी सांगितलं. मामा म्हणाले, "मग अधिपती कशाला म्हणता, मास्तर म्हणा की. राजे न् अधिपती आम्ही लई बघितले. आमच्या बापजाद्यांनी त्यांचीच गुरं राखली."

हे असं वर्षभर. महिन्यातून दोनदा तरी. फेब्रुवारीत मंत्र्यावर गाडी आली. "आमच्याकडं मंत्री येतो निवडणुकीला, हात जोडतो, धुरळा उडवतो न् जातो. त्यात अद्भुत काय?" यावर आईनं मला उभं करून समजावलं की इथं मंत्री म्हणजे सल्ला देणारा, ज्याला स्वतःला कुणाच्या सल्ल्याची गरज पडत नाही असा. मी म्हटलं, मला समजलंय, तू त्यांना सांग. "त्याला समजत नाही तोवर तुला नीट समजलेलं नाही," ती म्हणाली. माझ्या हातात फोन, गॅसवर दूध, आणि ही मला शास्त्र शिकवतेय.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते सनातन पित्यानं. मामा म्हणाले, "बाळ म्हणता न् बाप बी म्हणता. एकच माणूस बाळ न् बाप कसा?" या प्रश्नानं आई पहिल्यांदा अडखळली. मग ती चर्चच्या पाळकसाहेबांकडं गेली. मलाही नेलं, कारण निरोप मलाच द्यायचा होता. पाळकसाहेबांना इतका चांगला प्रश्न बऱ्याच दिवसांत मिळाला नसावा. ते खुलले. चहा झाला, पुन्हा चहा झाला. त्यांच्या बोलण्याचं सार असं, की जुन्या काळी चांगल्या राजाला लोक बाप म्हणायचे, आणि इथं म्हणायचं आहे ते हे, की या बाळाची माया बापाची असेल आणि ती कधी सरणार नाही. मी एवढंच मामांना सांगितलं. आई शेजारून म्हणाली, "अर्धं खाल्लंस तू." तिकडून मामा म्हणाले, "काय म्हणती?" मी म्हटलं, काही नाही. दोघंही माझ्यावर नाराज.

समर्थ देव या पदवीवर मात्र मामा कधी बोलले नाहीत. "देवाचा विषय आम्ही सोडलाय," म्हणाले. तेवढीच मला एका महिन्याची सुट्टी मिळाली.

मी दोघांनाही हात जोडून सांगून पाहिलं. आईला म्हटलं, तू मोठी आहेस, एक फोन कर. ती म्हणाली, "ताटावरून तो उठला, मी नाही." मामांना म्हटलं, तुम्ही लहान आहात, माघार घ्या. ते म्हणाले, "तिनं ऊठ म्हटलं म्हणून उठलो. तिचं ऐकलं ते चुकलं का?" बुद्धपौर्णिमेला आई गेली नाही. खीर एका डब्यात घालून मामांनी फुलंब्रीहून रोज शहरात येणाऱ्या एका माणसाबरोबर पाठवली, निरोपाशिवाय. आईनं ती उभ्यानं संपवली आणि म्हणाली, "वेलची जास्त झालीय." मी हे कळवलं नाही. माझीही काही मर्यादा आहे.

डिसेंबर उजाडला तशी दोघांची चुळबुळ सुरू झाली. आई म्हणे, मटण जरा जास्तच सांग. मी विचारलं, कुणासाठी? "कुणासाठी नाही, उरलं तर उरलं." मामा फोनवर विचारू लागले, "यंदा वाचन कोण करणार हाय?" मी म्हटलं, आईच करणार, तुम्ही या. "आक्कानं बोलावलंय का?" मी बोलावतेय ना. "तू कोण?" म्हणाले. ज्या बाईनं यांचे निरोप वाहून वाहून कान भाजून घेतले, तिला हे विचारतात, तू कोण! मग जरा वरमून म्हणाले, "म्हैस व्यायला झालीय बाई. तिला टाकून कसा येऊ?" मी हे आईला सांगितलं. "बहाणा," आई म्हणाली आणि पापडाचा डबा जोरात बंद केला.

ती काय गमावत होती ते मला दिसत होतं. तिच्या माहेरचं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. लहानपणीची एखादी गोष्ट काढली तर 'व्हय व्हय, तसंच झालं होतं' म्हणणारा एवढाच एक माणूस, आणि त्यालाच तिनं ताटावरून उठवलं होतं.

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये कापसाचा बर्फ, थर्माकोलचा गोठा, गवतावर बाहुला, वर लुकलुकणारी माळ. आई नवी रेशमी साडी नेसून वाचायला उभी राहिली. चार पदव्यांची ओळ आली, चष्मा काढला आणि थांबली. मला वाटलं विसरली. तिची नजर त्या थर्माकोलच्या गोठ्यावर होती. मग तिनं चष्मा पुन्हा घातला आणि चारही पदव्या बघून वाचल्या, भरभर.

बाहेर लोक हात मिळवत होते, केक वाटत होते. ती सरळ माझ्याकडं आली. "रिक्षा बघ. फुलंब्रीकडं जायचंय."

"आत्ता? घरी पाहुणे येणार आहेत! बिर्याणी दमावर आहे!"

"एक पातेलं घेऊन जाऊ. बाकीची पाहुण्यांना वहिनी वाढतील शेजारच्या."

"आई, त्यांनी बोलावलंय का पण?"

"आज ज्याचा वाढदिवस आहे त्याला कुणी बोलावलं होतं?" ती माझ्यावरच खेकसली. "इम्मानुएल म्हणतो ना आपण? देव आमच्याबरोबर. म्हणजे काय? निरोप धाडत बसला नाही तो. स्वतः आला."

वर्षभर निरोप वाहिलेली मी हे ऐकत उभी होते. मला रडावं की ओरडावं कळेना. मी रिक्षा बघितली.

शहराच्या टोकाचं हर्सूल सोडल्यावर रस्ता खणलेला होता. गरम पातेलं माझ्या मांडीवर, प्रत्येक खड्ड्याला झाकण उडत होतं, आणि आई मला सांगत होती, नीट धर. नीट धर म्हणे!

मामा घरात नव्हते. मागच्या गोठ्यात होते, बनियनवर, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून. म्हैस खरंच व्यायला झाली होती, सारखी उठत-बसत होती. बहाणा नव्हता तो. मामांनी आईला पाहिलं, तिच्या रेशमी साडीकडं पाहिलं आणि मला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, शेणात पाय पडंल."

आई हातभरावर उभी होती.

"सांग त्याला," आई मला म्हणाली, "मला गोठा नवा नाही." आणि साडी वर खोचून आत शिरली.

मग तिनं बोलायला सुरुवात केली. माझ्याकडं बघून, पण आवाज त्यांच्यासाठी.

"तुला हे कधी सांगितलं नाही. तुझ्या आजीला ज्वारीच्या काढणीत कळा लागल्या. घर लांब होतं. शेताच्या मालकाच्या बायकोनं वाड्यात घेतलं नाही, म्हणाली, गोठ्यात जा. मी सात-आठ वर्षांची होते. पाणी मीच आणलं. तुझा हा मामा तिथं जन्मला, मालकाच्या गोठ्यात."

"पुढचं बी सांग तिला," मामा म्हशीकडं बघत म्हणाले. "गावानं काय नाव ठेवलं ते. गोठ्यातला. शाळेत पोरं म्हणायची, मोठी माणसं बी म्हणायची. लगीन ठरलं तवाबी कुणीतरी म्हणालंच, गोठ्यातला नवरदेव. अन् तुम्ही तिथं कापूस न् दिवे लावून गाणी म्हणता. गोठा काय असतो ते ठाव हाय का त्या लोकांना?"

आता मला कळलं, 'मला इचार' म्हणजे काय ते. एवढे दिवस मला वाटत होतं, हा माणूस म्हशी पाळतो म्हणून तसं म्हणाला.

"त्या लोकांना नसेल," आई म्हणाली. "मला आहे. लग्न होऊन आले, पहिला नाताळ होता. कुणीतरी वाचत होतं, की बाळ गोठ्यात जन्मलं आणि त्याला या पदव्या. सगळ्यांच्या डोळ्यांपुढं बेथलेहेम आलं असेल. मला तर गोठ्यातलं बाळ एकच माहीत होतं. दरवर्षी चष्मा काढते ना मी, ते काय मिरवायला? वाचताना हा दिसतो, मग अक्षरं दिसत नाहीत."

म्हैस बसली, पुन्हा उठली.

"सातबारा मागतो मला," आईचा आवाज आता चढला. "कुठल्या राज्याचा अधिपती म्हणून विचारतो. गावानं काय नाव ठेवलं ते बरं लक्षात आहे त्याच्या. आईनं काय म्हटलं ते त्याला माहीत नाही, मला माहीत आहे. नाळ कापली, याला लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं, घरात जोंधळ्याचा दाणा नाही, दुसऱ्याचा गोठा, अंगाखाली दुसऱ्याचा कडबा, आणि ती म्हणाली, आला माझा राजा. तिला विचारलं का कुणी, कुठल्या राज्याचा?"

कितीतरी वेळ मामा म्हशीची पाठ चोळत राहिले. मी पातेलं घेऊन दारातच उभी होते, हात भाजत होते, आणि ते खाली ठेवावं हेही मला सुचत नव्हतं.

शेवटी त्यांनी मान वळवली. आईकडं नाही, माझ्याकडं.

"तुझ्या आईला इचार," ते म्हणाले, "आई खरंच तसं म्हणाली होती का."

आईनं डोळ्यांना पदर लावला. तीही माझ्याचकडं बघत होती.

"सांग त्याला. म्हणाली होती."

"म्हणाली होती, मामा," मी सांगितलं.