ड्रोनविरुद्धचा माझा अर्ज

सैन्यात मी पहाऱ्यावर इतकी वर्षं काढली, की मी निवृत्त झालो तरी माझा संशय काही निवृत्त झाला नाही. दारात अनोळखी मोटारसायकल थांबली की आधी तिचा नंबर वाचायचा. कुत्रं भुंकलं की ताट सोडून उठायचं. बायको वैतागायची, "आवं, हितं काय बॉर्डर हाय व्हय?"

त्यामुळे माझ्या चुलतभावाच्या सुनेनं ड्रोन आणला, तेव्हा सगळी भावकी कौतुक करत होती आणि मी एकटा हाताची घडी घालून उभा होतो. आमचं गाव मलकापूरच्या पलीकडं. चुलतभावाचं आणि माझं शेत एका बांधाला लागून. पोरीनं सांगलीला राहून रीतसर शिक्षण घेतलं होतं, परवाना काढला होता. कमरेच्या वर गेलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरायला आता माणूस मिळत नाही. तिचा ड्रोन वरच्या वर औषध मारून मोकळा व्हायचा. बघता बघता शेजारच्या गावांतूनही बोलावणी यायला लागली.

मला खटकायचं ते निराळंच. फवारणीआधी ती ड्रोन एकदा रिकामा फिरवायची, कॅमेरा चालू ठेवून. शेताची हद्द टिपायला, असं म्हणायची. पण आमच्या बांधाजवळ तो अंमळ जास्तच रेंगाळतो, असं मला वाटायला लागलं. मी गच्चीवर जाऊन त्याच्यावर नजर ठेवायचो आणि तो माझ्यावर ठेवतोय अशी माझी खात्री व्हायची. सलग तीन सकाळी हे झाल्यावर मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला.

अर्ज झकास झाला होता. घरातल्या लेकीसुना गच्चीवर केस वाळवतात, न्हाणीला छप्पर नाही, वरून कोण काय टिपतंय कळत नाही. औषध पिण्याच्या पाण्यात उडालं तर? चालता ड्रोन एखाद्याच्या डोक्यात पडला तर? आमच्या न्हाणीवर स्लॅब पडून कैक वर्षं झाली होती, पण अर्जात ती उघडीच राहिली. बाकीचं सगळं खोटं नव्हतं. म्हणूनच ते लिहायला सोपं गेलं.

लिहिलं नाही ते एवढंच, की बांध मी कोरत होतो. दर नांगरटीला ट्रॅक्टर बांधाला चिकटून घ्यायला सांगायचो, फाळ जरासा आत घालायचा आणि ढेकळं आपल्या रानात ओढायची. सालाला चार बोटं. टोकांना हद्दीचे दगड, तिथं हात लावायचा नाही. मधला बांध जमिनीवरून बघितला तर काही कळत नाही, अशी माझी समजूत होती. वरून कळेल, ही भीती होती.

ग्रामसभेत अर्ज वाचला गेला आणि बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. सरपंच त्या पोरीला म्हणाले, "ह्यांनी तक्रार मागं घेतली न्हाई, तर गावात उडवणं बंद ठेवावं लागंल." ऐन हंगामात बंद म्हणजे तिचं काम बसलंच. मला आतून बरं वाटलं. ते वाटल्याची आज लाज वाटते.

ती उठून माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही. "घरांवरनं मी न्हेतच न्हाई, तात्या. तशी परवानगीच न्हाई मला. उडवायच्या आदल्या दिशी घरोघरी सांगत जाईन, म्हणाल तर सह्या घीन. आन ह्यात काय दिसतंय ते समद्यांनी बघा."

तिनं ड्रोननं टिपलेला आमच्या रानाचा फोटो मोबाईलवर उघडला आणि मोबाईल हातोहात फिरला. त्यात घर नव्हतं, गच्ची नव्हती, बाईमाणूस नव्हतं. दोन्ही बाजूंना हिरवागार ऊस आणि मधून गेलेला बांध. दगडांपाशी चांगला रुंद, मध्ये माझ्या बाजूनं कुरतडलेला. मोबाईल ज्याच्या हातात जाई तो आधी फोटो बघे, मग माझ्याकडं बघे, आणि पुढं देई. तिनं हे मुद्दाम केलं की भाबडेपणानं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटी मोबाईल चुलतभावाकडं पोचला. त्यानं चष्मा लावून फोटो पाहिला आणि मोबाईल सुनेला परत दिला.

"हे बघायला वर कशाला जाया पायजे?" तो मला म्हणाला. "रोज त्या बांधावर बसून भाकरी खातोय मी. आदी आपुन दोगं मांडी घालून बसायचो, गड्या. आता मला एकट्यालाबी पाय खाली सोडून बसावं लागतंय."

तो रागावला असता तर मला भांडता आलं असतं. मी उठून सरपंचांकडून अर्ज मागून घेतला आणि ड्रोनला संमती म्हणून तिच्या कागदावर पहिली सही केली.

यंदा नांगरटीला ट्रॅक्टरवाल्यानं सवयीनं विचारलं, "तात्या, चिकटून घिऊ न्हवं?" मी बांधावर जाऊन, माझ्याच रानाकडं तोंड करून, नांगरट संपेपर्यंत पहाऱ्यावर उभा राहिलो.