टकटकी

परभणीत जिंतूर रस्त्याला वजीरमिस्त्रीचं गॅरेज होतं आणि त्या गॅरेजात नागनाथ काम करायचा. माणसाचं निम्मं आयुष्य गाडीच्या पोटाखाली गेलेलं. इंजिन उघडणं, गिअर बसवणं ही कामं दुसऱ्यांची. नागनाथच्या वाट्याला सायलेन्सर. गंजलेले, फुटलेले, आणि सगळ्यात जास्त बाहेरचे, म्हणजे कंपनीचा माल परवडत नाही म्हणून कुठल्यातरी टपरीतून उचलून आणलेले. असा सायलेन्सर बसवला की गाडी रस्त्याने बडबडत जाते. एखादी खडखडते, एखादी फुसफुसते आणि एखादी टकटक करते. या टकटक करणाऱ्या गाड्यांनी भल्याभल्या मिस्त्र्यांना रडवलं होतं. इंजिनातून टकटक ऐकू आली की मिस्त्री म्हणणार टॅपेट ढिले झाले. झाकण उघडणार, टॅपेट आवळणार, पैसे घेणार, आणि गाडी टकटक करतच घरी जाणार.

नागनाथ आधी पाना हातात धरायचाच नाही. रात्रभर गार पडलेली गाडी सकाळी सुरू करायला लावायचा. मागच्या नळीच्या तोंडावर फडक्याचा बोळा दाबायचा, म्हणजे आत धूर कोंडतो आणि जिथे फट असेल तिथून जोरात फुटतो. मग रबराच्या नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं टोक लोखंडावरून फिरवायचं. टॅपेटचा आवाज बोळ्याला भीक घालत नाही, फटीचा आवाज मात्र लगेच चढतो. एवढी साधी गोष्ट, पण त्यासाठी गप्प बसून ऐकावं लागतं, आणि आपल्याकडे गप्प बसणं कुणाला जमतं?

नागनाथ मूळचा खैरवाडीचा. झरीच्या पुढे ओढ्याकाठचं लहानसं गाव. आईबाप लवकर गेले, तेव्हा चुलता सूर्यभान आणि चुलती बायनाबाई यांनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. बौद्ध वस्ती ओढ्याला लागून, आणि ओढ्यापलीकडच्या चढाने गावात येणारी एकुलती एक गाडी व्यंकटरावांची. गावातली निम्मी जमीन त्यांची, जीपही त्यांचीच. लिलावातली जुनी जीप, तिला हैदराबादहून आणलेला बाहेरचा सायलेन्सर. चढाला लागली की ती असं टकटक करायची की मळ्यातल्या बाया हातातलं काम सोडायच्या. व्यंकटरावांच्या बांधावर गवत कापणाऱ्या बाया भारे टाकून पळायच्या, पारावर विडी ओढणारे उठून उभे राहायचे. वस्तीने त्या जीपचं नावच टकटकी ठेवलं. हे नाव इतकं रुळलं की त्यातला आवाज लोक विसरूनही गेले. जीप वाड्यापुढे मुकाट उभी असली तरी ती टकटकीच. "टकटकी बाजारला गेली," "टकटकीचं चाक बसलं," असं बोलायचे. वस्तीतल्या कुणाच्या तोंडी जीप हा शब्द नव्हता.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात व्यंकटराव ती जीप घेऊन गॅरेजात आले.

"नाग्या, हिचं तोंड बंद कर बाबा. झरीच्या बाजारात पोरंटोरं मागं लागायलेत, टकटकी आली म्हून. चार मिस्त्री झाले, फरक न्हाई."

"ठिऊन जावा मालक. सकाळी गार झाल्यावर बघतो," नागनाथ म्हणाला.

सकाळी त्याने बोळा लावला, नळी फिरवली आणि बुचकळ्यात पडला. एरवी इंजिन तापलं की लोखंड फुगतं, फट मिटते आणि आवाज विरतो. ही जीप उफराटी होती. गार असताना आवाज नावाला, तापेल तसा मोठा. म्हणूनच चारही मिस्त्र्यांनी टॅपेटवर हात मारला होता. नागनाथ बराच वेळ तिच्याखाली आडवा पडून राहिला. मग त्याला काळी रेघ दिसली. सायलेन्सरची नळी इंजिनाला जिथे जोडतात तिथली चकती, मिस्त्री तिला फ्लँज म्हणतात, ती हैदराबादवाल्याने हलक्या पत्र्याची करून दिली होती. तापली की ती उन्हातल्या पत्रावळीसारखी वाकायची आणि धूर तिथून ठोके देत बाहेर पडायचा.

त्याने ती कापून फेकली. भंगारातल्या ट्रकच्या जाड लोखंडी पाटीतून नवी फ्लँज कापली. काचेला शेंदूर फासला, त्यावर फ्लँज घासून पाहिली, जिथे शेंदूर लागला तो उंचवटा कानशीने उतरवला. पुन्हा शेंदूर, पुन्हा कानस, सगळं तोंड सारखं लाल होईपर्यंत. मग वेल्डिंग केलं, नवं पॅकिंग टाकलं, बोल्ट एकदा गार असताना आवळले आणि एकदा तापल्यावर. जीप सुरू केली तेव्हा वजीरमिस्त्री हातातला चहा विसरून जवळ आला.

"अरे, ये तो गूँगी हो गई," तो म्हणाला.

"आता आमच्या वस्तीतल्या बायांना गवत कापताना मान वर करून बघावं लागंल," नागनाथ म्हणाला, आणि दोघेही हसले.

व्यंकटरावांनी गावाबाहेर चक्कर मारून आणली. उतरले ते थेट नागनाथकडे आले आणि सगळ्यांदेखत त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "गड्या, हात हाय तुझ्यात." हे सांगायलाच हवं, कारण नागनाथच्या सगळ्या दुःखाचं मूळ त्या थापेत आहे. लहानपणी याच माणसाने त्याला मजुरी दिली ती वरून ओंजळीत टाकून. त्या हाताचा स्पर्श झाला तो त्या दिवशी पहिल्यांदा. नागनाथला आनंद झाला. खूप झाला. घरी जाताना तो रस्ताभर शीळ घालत गेला.

जुलै सरता सरता विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. खैरवाडीत सूर्यभानने वस्तीत गूळ वाटला होता; त्याचा गुन्हा एवढाच. श्रावणातल्या भुरभुरत्या पावसात, चुली पेटायच्या वेळेला जीप वस्तीत आली, तिच्यामागे माणसं. सूर्यभानचा पाय अधू होता. तो दारात बसलेला होता, आत सरकला, आणि छपराला लागलेल्या आगीतून बाहेर आलाच नाही. बायनाबाई मागच्या भिंतीला भोक पाडून निघाली. व्यंकटरावांना जीपमधून उतरताना तिने पाहिलं होतं.

नागनाथ गावी पोचला तेव्हा राखेतून अजून वाफ निघत होती. त्याने चुलतीला परभणीला आपल्या खोलीवर आणलं. ती त्याच्यासाठी भाकरी थापायची आणि थापता थापता तेच तेच सांगायची. तो खाली मान घालून जेवायचा. टकटकी आपण मुकी केली हे त्याने तिला सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता ते राहूनच गेलं.

वस्तीतल्या बाकीच्यांनी तोंडं मिटून घेतली. त्यांना काय नावं ठेवायची? त्यांना तिथेच राहायचं होतं, त्याच मळ्यात कामाला जायचं होतं. खटला उभा राहिला तो एकट्या बायनाबाईच्या जबाबावर. आणि तिचा जबाब काय? "टकटकी आली. मालक उतरला." जबाब लिहून घेणारा पोलीस जमादार बाहेरगावचा. त्याने लिहिलं, 'जीपचा टकटक असा आवाज ऐकून मी दाराशी आले व पाहिले.' बाईला वाचता येत नव्हतं. तिने अंगठा उमटवला.

खटला उभा राहायला काही वर्षं गेली. बायनाबाई साक्षीच्या पिंजऱ्यात न डगमगता उभी राहिली. पाऊस होता, दिवस मावळत होता, मग जीप कशावरून ओळखली, असं व्यंकटरावांच्या वकिलाने विचारलं.

"टकटकीच व्हती ती," ती म्हणाली.

"म्हणजे टकटक वाजत आली. बरोबर?"

"व्हय, टकटकी आली," बायनाबाई म्हणाली, आणि वकील समाधानाने खाली बसला. त्यानंतर त्याच वकिलाने नागनाथला साक्षीला बोलावलं.

आता गोष्ट अगदी उघडी होती. नागनाथने खरं सांगितलं तर जीपला आवाज नव्हता, म्हणजे बायनाबाई खोटं बोलली, म्हणजे व्यंकटराव सुटले. आदल्या संध्याकाळी वजीरमिस्त्रीने त्याला बाजूला घेतलं.

"बोल दे के काम कच्चा था. गॅरेज का नाम जाता है तो जाने दे."

नागनाथ पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा बायनाबाई मागच्या व्हरांड्यात होती. साक्षीदारांना आत बसू देत नाहीत.

"जीपचा आवाज तुम्ही बंद केला होता?" वकिलाने विचारलं.

"केला व्हता. पर काम कच्चं राहिलं. पंधरवड्यात पुन्हा सुरू झाला आसंल."

"परभणीत तुमचं नाव आहे, म्हणतात. तुमचं काम परत येत नाही, म्हणतात."

"लोक कायबी म्हणत्यात, साहेब."

वकील हसला. जीप बाहेर आवारातच आणलेली होती. न्यायाधीशांनी बघायला होकार दिला. सगळे लिंबाखाली गोळा झाले, ड्रायव्हरने जीप सुरू केली आणि ती चांगली तापेपर्यंत चालू ठेवली. नागनाथने जिवाचा कान केला. आयुष्यभर त्याने टकटक नाहीशी व्हावी म्हणून कान लावले होते. आता तो देवाधर्माला न मानणारा माणूस मनातल्या मनात भीक मागत होता, एकदा वाज, फक्त एकदा वाज. जीप शांतपणे चालत राहिली.

"नंतर कुणी दुरुस्त केली का, ते खाली जाऊन बघा," न्यायाधीश म्हणाले.

तो खाली गेला. वेल्डिंगची शिवण त्याचीच होती. स्वतःचं अक्षर ओळखावं तशी त्याने ती ओळखली. ट्रकच्या पाटीची जाड फ्लँज, त्याच्या कानशीचे ओरखडे, सगळं जिथल्या तिथे, केसाएवढीही फट नाही. त्याला त्या कामाची किळस आली. बाहेर येऊन त्याने पँट झटकली आणि शपथेवर सांगितलं, "हे काम माझं न्हाई. मागून दुसऱ्या कुणी केलंय."

वकिलाचा चेहरा पहिल्यांदा उतरला. शिवण वाचता येणारा दुसरा माणूस तिथे नव्हता. क्षणभर वाटलं, निभावलं. पण न्यायाधीश नेकीने काम करणारे होते, त्यांना शंका फेडून घ्यायची होती. आत गेल्यावर त्यांनी बायनाबाईला पुन्हा बोलावलं आणि सोप्या भाषेत विचारलं, "बाई, त्या दिवशी जीप आली तेव्हा कानाला आवाज आला होता का? नीट आठवून सांगा."

बायनाबाईने नागनाथकडे पाहिलं. तिला वाटलं, पोरगा आलाय, आता खरं तेच सांगावं.

"आवाज कुठला, साहेब? टकटकी म्हंजी ती जीप. तिचं नावच हाय तसं. त्या दिशी ती वाजलीच न्हाई. वाजली आसती तर आमी जवारीत पळालो नसतो का? वढ्यापल्याडच ऐकलं आसतं. धन्याला मी पाठीवर घेऊन गेले आसते."

वकिलाने जबाबाचा कागद उचलला. पोलिसांना सांगितलं आवाज ऐकला, आज म्हणते आवाज नव्हता, आणि हिच्याच घरचा मिस्त्री शपथेवर सांगतो आवाज होता. कुणाचं धरायचं? पुढचं सगळं नागनाथला दुरून ऐकू आल्यासारखं झालं. त्याच्या डोक्यात ओढ्यापलीकडचा चढ होता, आणि अधू पायाच्या माणसाला पाठीवर घेऊन जवारीत शिरणारी बाई.

व्यंकटराव सुटले. निकालाच्या दिवशी आवारात गुलाल उधळला गेला आणि मुकी जीप फाटकातून निघून गेली. बायनाबाई लिंबाखाली बसली होती. नागनाथ तिच्यासमोर उकिडवा बसला.

"तुला कशाला बोलावलं व्हतं रे त्या दिशी?" तिने विचारलं. "मला कुणी काई सांगंना."

"काकी, ती जीप... टकटकीचा आवाज मीच बंद केला व्हता. त्या उन्हाळ्यात. गॅरेजात आली व्हती."

बायनाबाई त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "लय चांगलं काम केलंस की रे. काईच ऐकू आलं न्हाई."