पाटीवरचा बारीक नऊ

नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या आमच्या नेहमीच्या पेट्रोल पंपावर दर शनिवारी एक म्हातारे डच गृहस्थ भेटायचे. आपल्या गाडीची काच पुसताना त्यांची नजर सारखी दराच्या पाटीकडे जायची. न राहवून मी एकदा विचारलं, "दराच्या शेवटी, दशांशाच्या तिसऱ्या जागी, हा बारीक नऊ कशाला? सेंटच्या दहाव्या भागाचं नाणंच नाही."

"पूर्वी इथे कामाला असताना हे आकडे मीच बदलायचो, लांब काठीने," ते म्हणाले. "नऊ मात्र रंगवलेलाच होता. त्याला कधी हात लावला नाही."

"पण का?"

ते गोंधळले. मी तर आधीपासूनच गोंधळलेलो.

पुढच्या शनिवारी मला पाहताच त्यांनी फडकं खाली ठेवलं. "त्या नऊचं काही कळलं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग इतकी वर्षं त्या नऊच्या शेजारी मी काय लावत होतो?" त्यांनी मलाच विचारलं.