एक काळी, एक तपकिरी

मे महिन्यातल्या भर दुपारी लहरीपुऱ्यात माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला. कोपऱ्यावरच्या मोच्याकडे ती दिली आणि तापलेल्या फरशीवर एका पायावर उभी राहिले. त्याने मान वर न करता स्वतःच्या पायातली चप्पल काढून माझ्यापुढे सरकवली. "पाय ठेवा, बेन. मी तर बसलेलोच आहे."

खरं सांगते, परक्या माणसाच्या चपलेत पाय घालायची मला किळस आली. पण ऊन माझ्यापेक्षा हट्टी निघालं. घातला.

ती चप्पल तपकिरी होती आणि त्याच्या पायात उरलेली काळी. असं कसं, म्हणून विचारलं, तेव्हा दोरा ओढत तो म्हणाला, "एका भाईंची बस सुटत होती. माझी उजवी तशीच पायात घालून पळाले. मग त्यांची शिवली, आता मीच वापरतो."

"परत नाही आले?"

"नाही." शिवलेली चप्पल माझ्यापुढे ठेवून त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. "बस तरी मिळाली असेल ना त्यांना, बेन?"

त्या भाईंना मी कधी पाहिलंही नव्हतं. तरी ठामपणे म्हणाले, "मिळाली."