साहेबबाबाच्या दगडावरचा चुना

बाईंनी दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अक्षरं कुठे आहेत?"

दगड पांढराशुभ्र होता. खाली गेरूचा लाल पट्टा. चुना इतका ताजा की वरून गेलेल्या मुंगळ्याचे पायही पांढरे झाले होते. अक्षरं त्या चुन्याखाली होती आणि चुना मारायचा निरोप मी धाडला होता.

मी तेव्हा बेज्जूरच्या बाजूला एका मंडल ऑफिसात सीनियर असिस्टंट होतो. मंडल ऑफिस म्हणजे तुमच्याकडचं तहसील ऑफिस, फक्त लहान. तिथल्या तहसीलदाराला तेव्हा आंध्रात एम.आर.ओ. म्हणत. मी अजून याच खात्यात आहे, म्हणून गावाचं नाव बदलून चिंतागुडा असं लिहितो.

बाई स्कॉटलंडच्या. मिस मॅक्लीन. शाळेतून रिटायर झालेल्या, उंच, आणि जीपमध्ये खड्डा आला की हसणाऱ्या. पणजोबांचा माग काढत आल्या होत्या. असा माग कसा काढतात ते त्यांनी मला वाटेत समजावलं. घरात एक मोठं बायबल असतं. त्याच्या पहिल्या पानावर जन्म, लग्न, मृत्यू लिहितात. त्यावरून त्या गावचं चर्च गाठायचं. तिथल्या रजिस्टरात आईबापांची नावं मिळतात. मग त्यांचे आईबाप. असं मागे मागे जायचं.

अडचण नावांची होती. त्यांच्यात पहिल्या मुलाला आजोबांचं नाव देतात. त्यामुळे चार भावांच्या घरांत चार डंकन. पणजोबांचं नाव डंकन, पण बायबलात त्यांचं गाव लिहायचं राहिलेलं. मिस मॅक्लीनना तीन गावांत तीन डंकन मॅक्लीन सापडले होते, तिघंही साधारण एकाच वयाचे. त्यांतला आपला कोणता, तेच कळेना, आणि ते कळल्याशिवाय पुढचं सगळं अडलेलं.

"आमच्याकडेही तसंच आहे," मी म्हणालो. "एका गावात पाच नामदेव. आम्ही कागदावर लंगडा नामदेव, टोपीवाला नामदेव असं लिहून मोकळे होतो."

"आम्ही कबरीच्या दगडावर गावाचं नाव कोरतो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आले. नव्वदीची आत्या आहे माझी. तिनं बजावलंय, गाव कळल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

त्यांचे पणजोबा निजामाच्या राज्यात सागवानाची मोजणी करायला आले होते. घरी आलेल्या शेवटच्या पत्रात त्यांनी प्राणहितेकाठच्या चिंतागुड्याचं नाव लिहिलं होतं. पुढे काही नाही. बायबलच्या पानावर त्यांच्या मृत्यूची जागा कोरीच राहिली.

कलेक्टर ऑफिसातून हे सगळं आमच्याकडे आलं. आमचा गिर्दावर, म्हणजे गावोगाव फिरणारा रेव्हेन्यू इन्स्पेक्टर, चौकशी करून आला. म्हणाला, "चिंतागुड्यात साहेबबाबाचा दगड हाय. त्याच्यावर इंग्रजी अक्षरं दिसून राह्यली." सगळे खूष झाले. एम.आर.ओ. साहेब गुंटूरकडचे, माझ्याशी हिंदीत बोलत. "मेश्राम, फॉरेनर आ रहे. जगह एकदम साफ होना."

आमच्या खात्यात साफ म्हणजे चुना. कोणी मोठं येणार म्हटलं की शाळेला चुना, पंचायतीला चुना, रस्त्याकडेच्या झाडांना कमरेपर्यंत चुना. एकदा मंत्री येणार होते तेव्हा रस्त्यात उभ्या असलेल्या बैलगाडीचं एक चाकही पांढरं झालं होतं. मी निरोप धाडला, दगडालाही मारा. अक्षरं वाचायची असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी तिथल्या तिथे कबूल केलं. माझा स्वभावच तसा आहे. कोणाला रस्त्यात ठेच लागली तरी मला वाटतं, तो दगड मीच ठेवला असणार. "मॅडम, धिस इज माय मिस्टेक," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, हरकत नाही. थोड्या वेळानं मी पुन्हा म्हणालो. मग आणखी एकदा.

"मिस्टर मेश्राम," त्या म्हणाल्या, "आमच्या चर्चमध्ये सगळी मंडळी मिळूनही इतकं कबूल करत नाहीत. आता हे काढायचं कसं ते सांगा."

काढायचं कसं ते सखुबाईच्या हातात होतं. दगडाची झाडलोट, दिवाबत्ती तिच्याकडे. तिच्या सासूकडून आलेलं काम.

"सखुबाई, हा चुना काढावा लागेल."

"काऊन जी? तुमीच तं मारायला लावला."

"माझं चुकलं."

"चुकले तुमी, अन् कातडी सोलायची बाबाची?"

बाजूला बसलेली चार माणसं हसली. मी पुन्हा चुकलं म्हणालो. बरं, खालचे थर वर्षावर्षाचे होते. गिर्दावराला जी अक्षरं दिसली ती दोन पोपडे निघाले होते तिथून. नुसत्या पाण्यानं काम होणार नव्हतं, खरवडावं लागणार होतं. मी सखुबाईला सगळं सांगितलं. बाई कुठून आल्या, आत्या काय म्हणाली, गाव का पाहिजे. तिनं बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाबाची नात हाय म्हणता?"

"पणती."

"मंग आंघोळ घालता येईन. पण पयले निवद. बाबाले इचाऱ्याशिवाय हात नाई लावाचा."

साहेबबाबा हरवलेलं शोधून देतो, अशी त्या भागातली समजूत. गाय चुकली, बकरी परतली नाही, की लोक इथे येत. निवद ठरलेला. मटणाचं मोठं हाड आणि शिळी भाकर. ताजी चालत नाही. ताट नाही, पान नाही, तशीच जमिनीवर ठेवायची. नारळ नाही, घंटा नाही. निवद ठेवला की शिट्टी वाजवायची.

"शिट्टी का?" मी विचारलं.

"आमच्या सासूची सासू वाजवे."

मी जीप घेऊन बाजारात गेलो आणि खाटकाकडून हाड आणलं. आमच्या घरात दगडापुढे हात जोडत नाहीत. तलमडुगूच्या आमच्या वस्तीत वडिलांनी आम्हाला शाळेआधी तेच शिकवलं. त्यामुळे हाड घेऊन येताना मला एकदा वडिलांचं वाईट वाटत होतं आणि एकदा आत्याबाईंचं. भाकर सखुबाईच्या घरची, कालची. मी ती ठेवली, ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारली. आवाज आला नाही. पुन्हा मारली. थुंकी आली.

"तुमी राहू द्या, बाबू," सखुबाई म्हणाली.

तेवढ्यात मिस मॅक्लीन पुढे झाल्या. दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की नदीकडचे बगळे उडाले आणि जीपमध्ये झोपलेला ड्रायव्हर उठून गाडी चालू करून बसला. शाळेत त्या खेळ शिकवायच्या, हे मागाहून कळलं.

सखुबाईनं पदर कमरेला खोचला. "घरचीच हाय हे. आणा जी चिंच."

चिंचेचं पाणी, आंबट ताक आणि नारळाचा काथ्या. तांब्यापितळेची भांडी घासणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. चुना फसफसायला लागला. बाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या देशात जुन्या दगडाला असलं काही लावलं तर पोलीस येतात म्हणे. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले, बाह्या सारल्या आणि त्याही घासायला बसल्या. आधी पांढरं गेलं, मग पिवळट, मग काळपट तेलाचा थर. मग एक उभी रेघ दिसली.

मी एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागलो. गाव गोळा झालं होतं. "एम. ओ. टी. आय."

बाई गोंधळल्या. डंकन तर डी वरून.

"मोती?" सखुबाई म्हणाली. "मोती तं कुत्र्याचं नाव असते."

मी खालची ओळ घासली आणि ती मात्र मनातल्या मनातच वाचली. मराठीत सांगायचं तर असं: चांगला कुत्रा. जंगलात वाट चुकलेल्या मालकाला यानं दोनदा घरी आणलं. त्याखाली डी. मॅक्लीन, आणि त्याखाली स्कॉटलंडमधल्या एका गावाचं नाव.

मिस मॅक्लीननी खिशातून चुरगळलेला कागद काढला. त्यावर तीन गावं होती. त्यांनी दोन खोडली. मग तशाच चिखलात बसून राहिल्या आणि डोळे पुसायच्या नादात गालाला चुना लावून घेतला.

त्यांचं काम झालं होतं. माझं सुरू झालं. सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं.

"काय लिवलं हाय, बाबू?"

दगडाला हात जोडू नका, हे वडिलांनी शिकवलं होतं. पण दुसऱ्याच्या देवाला त्याच्या तोंडावर कुत्रा म्हणा, असं काही शिकवलं नव्हतं. मी या माणसांच्या देवाला आधी चुना लावला होता, मग चिंच लावली होती, आणि आता हे. खोटं सांगावं असं मनात आलं. थोर साहेब होते, एवढं म्हटलं तरी भागलं असतं. पण खोटं बोललो की मला रात्री झोप येत नाही, आणि त्या दिवशीचं खातं आधीच भरलं होतं. सगळं वाचून सांगितलं. शेवटी म्हणालो, "सखुबाई, माफ करा."

सखुबाईनं दगडाकडे पाहिलं. मग जमिनीवरच्या निवदाकडे पाहिलं.

"म्हणून हाड लागते!" ती म्हणाली.

"अन् शिट्टी," मागून कोणी म्हातारा म्हणाला.

"मी लगन होऊन आली तवापासून इचार करून राह्यली," सखुबाई माझ्याकडे वळली, "का एवढा मोठा साहेब, अन् शिळी भाकर काऊन मागते? भुईवर काऊन जेवते? आता समजलं. अन् चुकलेलं ढोर हुडकून आणणं, हे काय साहेबाचं काम हाय का जी? साहेबाले सोताची वाट सापडे नाई, लिवलंच हाय तुमच्या दगडावर."

गाव हसलं. मी भीत भीत विचारलं, "मग आता नाव बदलणार?"

"कायले? कुत्रा असला तरी साहेबाचाच ना?"

परत जाताना कागजनगरला एस.टी.डी. बूथवरून बाईंनी आत्याला फोन लावला. पणजोबा सापडले नाहीत, त्यांचा कुत्रा सापडला आणि कुत्र्यानं गाव सांगितलं, असं त्या ओरडून सांगत होत्या. मग ऐकत राहिल्या आणि हसायला लागल्या. मी विचारलं, काय म्हणाल्या? "म्हणाली, मग खरं असणार. आमच्या घरात माणसांपेक्षा कुत्र्यांच्या नोंदी नीट ठेवतात."

ऑफिसात रिपोर्ट लिहायची वेळ आली. मी लिहिलं, पूर्वजाची कबर नाही, कुत्र्याची आहे. एम.आर.ओ. साहेबांनी पेन काढलं. "कलेक्टर ऑफिस को कुत्ता नहीं लिखते, मेश्राम. लिखो, पूर्वज के परिवार का सदस्य." यावर मला आठवडाभर अपराधी वाटलं, पण चूक काढता आली नाही.

त्यानंतर सखुबाई चुना अक्षरं सोडून फक्त दगडाच्या खालच्या भागाला मारू लागली. पुढल्या पावसाळ्यात आमच्या ऑफिसातली एक फाइल हरवली. कपाटं उपसली, मिळेना. कलेक्टर ऑफिसातून रोज फोन. शेवटी एम.आर.ओ. साहेबांनी दार लोटून घेतलं. "मेश्राम, चिंतागुडा में अपना कुछ काम बाकी है क्या?"

"नाही सर."

"निकालो. और बाज़ार से होते हुए जाना."

गेलो. हाड ठेवलं, कालची भाकर ठेवली. शिट्टी तोवर मला येऊ लागली होती, बायकोची नाराजी पत्करून शिकलो होतो. परत आलो तर साहेब दारात उभे, हातात फाइल. ती त्यांच्याच खुर्चीवरच्या उशीखाली होती. खुर्ची बुटकी म्हणून ते उशी घेत, आणि पंधरवडा त्या फाइलीवर बसूनच आम्हाला ती शोधायला लावत होते.

तेव्हापासून मी नव्या क्लार्कांना दोनच गोष्टी सांगतो. चुना मारण्याआधी वाचून घ्या. आणि फाइल शोधायला लागण्याआधी एकदा उठून उभे राहा.