आज फळ्यावर कोण?

तुमचा वाढदिवस एक जूनला तर नाही ना? असला तर काळजी करू नका, तुम्ही एकटे नाही. पिरंगुटला आमच्या कंपनीत एकसष्ट जणांचा वाढदिवस एक जूनला असतो, आणि खरं विचाराल तर त्यातल्या बहुतेकांचा तो त्या दिवशी नसतो.

मी त्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आहे. दहावीपर्यंत शिकले, अक्षर बरं आहे, म्हणून फळा माझ्याकडे आला. फळ्याचे तीन भाग. वर दिनविशेष, म्हणजे आजच्या तारखेला काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं. तो मी एका जाड पुस्तकातून उतरवते. टाइम ऑफिसचे, म्हणजे हजेरी बघणारे, जुने कारकून जाताना ते मला देऊन गेले. मधे वाढदिवस. ती नावं एचआरच्या शिल्पा मॅडम देतात, आणि ज्याचं नाव त्याला वाटीभर शिरा. खाली मेनू. लोक फळा खालून वर वाचतात आणि बरेच जण मेनूवरच थांबतात.

तरी चौदा वर्षं रोज लिहितेय. अशा कामात गोष्टी उरलेल्या पोळ्यांसारख्या साठत जातात. टाकवत नाहीत, म्हणून कुणीतरी खाणारं शोधायचं.

* * *

एकदा पुस्तकाचं एक पान अर्धं फाटलेलं निघालं. जन्म मिळाले, मृत्यू गेले. मी ‘मृत्यू’ लिहून पुढची जागा मोकळी ठेवली, म्हटलं कुणाला तरी विचारून भरू. गडबडीत राहून गेलं. त्या दिवशी वाढदिवसही कुणाचा नव्हता, त्यामुळे ‘मृत्यू’च्या बरोबर खाली मेनू आला: वांग्याचं भरीत.

पहिल्या पाळीचा एक फिटर ताट घेऊन उभा राहिला. “मावशी, आज वांगं गेलं का?”

आमच्या मुख्य आचारी रुक्सानाआपा, पौडच्या. त्यांनी झारा खाली न ठेवता सांगितलं, “गेलं न्हाई. मी मारलं.”

* * *

आपांना वाचता येत नाही. पण रोज सकाळी फोडणी टाकायच्या आधी त्या मला फळा वाचून दाखवायला लावतात. एका जुलैत मी वाचलं, “आजच्या दिवशी माणूस चंद्रावर उतरला.”

“परत कधी आला?”

“ते या पानावर नाही आपा.”

“उतरला त्येवढंच लिव्हलंस व्हय? घरी बायको भाकरी झाकून बसली असंल त्याची. आला का न्हाई ते बघ आधी.”

मी पुढची पानं चाळली. चार दिवसांनी फळ्यावर लिहिलं, ‘आजच्या दिवशी माणूस चंद्रावरून सुखरूप परत आला.’ आपांना वाचून दाखवलं.

“हां,” म्हणाल्या, आणि मग गॅस पेटवला.

* * *

वाढदिवसाची पद्धत शिल्पा मॅडमनी आल्या त्या वर्षी सुरू केली. चांगली बाई, कामाला चोख. पहिले काही महिने दिवसाला एक-दोन नावं यायची. मग एक जून उजाडला आणि मॅडमनी माझ्या हातात दोन पानी यादी ठेवली.

मी लिहायला बसले. वाढदिवसाचा भाग भरला. दिनविशेष पुसला, तिथे लिहिलं. मेनू पुसला, तिथेही लिहिलं. शेवटची नऊ नावं पाण्याच्या टाकीवर कागद चिकटवून लिहिली. आपांनी दोन पातेली शिरा केला. ज्यांची नावं होती ते शिरा खात बसले, ज्यांची नव्हती ते बघत बसले.

मारुंजीच्या सोसायटीत राहणारा क्वालिटीचा एक इंजिनिअर होता. हॉस्पिटलात जन्मलेला, दाखल्यावर तास-मिनिटांसकट वेळ असलेला. तो माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, “मावशी, आमच्या आईबाबांचं चुकलंच. त्यांनी खरी तारीख लावली.”

पुढच्या वर्षापासून मॅडमनी एक जूनला एकच ओळ ठेवली: ‘आज ज्यांचे ज्यांचे वाढदिवस आहेत, त्या सर्वांना शुभेच्छा.’ शिरा सगळ्यांना, नाव कुणाचंच नाही.

* * *

ही ओळ सगळ्यांना चालली. एकट्या भिकूमामांना नाही. यादीच्या वर्षीही त्यांचं नाव टाकीवरच्या कागदावर गेलं होतं, फळ्यावर आलंच नव्हतं.

भिकूमामा कॅन्टीनमध्ये माझ्याही आधीपासून. कपबशा, ताटं, टेबलं त्यांच्याकडे, आणि रोज सकाळी सात वाजता ओल्या फडक्यानं फळा पुसायचं कामही. कितीही मोठा माणूस असो, मामांना फरक पडत नाही. “राजा असू दे न्हाईतर लढाई, एका फडक्यात साफ,” असं म्हणतात आणि फडकं पिळतात.

यंदा त्यांची रिटायरमेंट आली. जानेवारीत पत्र आलं, ते मीच वाचून दाखवलं. जन्मतारीख एक जून, म्हणून नोकरीचा शेवटचा दिवस एकतीस मे.

मामांनी बोटांवर हिशेब केला. “म्हंजे मी जल्मायच्या आदल्या दिशी रिटायर.”

“तसंच झालं की.”

दोन-तीन टेबलं पुसून झाली. मग म्हणाले, “ताई, येक इचारू? ह्या फळ्यावरनं इतक्या लोकांची नावं पुसली म्या. जायच्या आदी येकदा आपलं पुसायला मिळंल का?”

* * *

एक जून त्यांना लागला कसा, तेही त्यांनीच सांगितलं होतं. त्यांची वाडी धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी पोराला उभं करायचे आणि डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. कान हाताला आला, की पोर सहा वर्षांचं. तारीख एक जून, कारण शाळा जूनला उघडते.

“किती जण होता वर्गात?” मी विचारलं.

“येकवीस. समदे जुळे.”

* * *

मी म्हटलं, मामा, घरात कुणाला तरी आठवत असेल. त्यांची थोरली बहीण, हिराआक्का, अजून वाडीवर असते. गुरुवारी कंपनीला सुट्टी, मामा सकाळच्या एसटीनं गेले. शुक्रवारी फडकं हातात घ्यायच्या आधीच बोलायला लागले.

आक्कानं त्यांना ऐकून घेतलं आणि सांगितलं, “तू आजी गेली त्या दिशीचा. सकाळी आजी गेली, दिवस मावळायला तू आलास.”

“मग सांगितलं न्हाईस कदी?”

“कुणी इचारलं? त्या दिशी घर रडत व्हतं. तूबी रडत व्हतास. कुणाचं कोण ऐकणार?”

आक्का तेव्हा दहा वर्षांची होती. पुढे गुरुजींनी विचारलं तेव्हाही ती दारात उभी होती. गुरुजी म्हणाले, पोरगा कधी झाला? बाप म्हणाला, म्हातारी गेली तवा. म्हातारी कधी गेली? हा झाला तवा. गुरुजींनी पेन उचललं आणि एक जून लिहून टाकलं.

पण आजीची तिथी घरात पाळली जायची. वैशाखातल्या संकष्टीचा दुसरा दिवस. त्या दिवशी खीर व्हायची, अजूनही होते. मामा दरसाल ड्यूटी संपली की जातात.

“आक्का पयली वाटी मला देती,” मामा म्हणाले. “साठ वरसं. मला वाटायचं, धाकटा हाय म्हून.”

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघितलं. संकष्टीचा दुसरा दिवस यंदा मेमध्ये येत होता. एकतीस तारखेच्या आत.

* * *

आम्ही दोघं शिल्पा मॅडमकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, कॉम्प्युटरवर बघितलं.

“मामा, रेकॉर्डला एक जून आहे. बदलायचं तर जन्माचा दाखला लागेल.”

“आक्का चालंल का?”

“आक्का नाही चालणार.”

मॅडमना वाईट वाटलं असावं, कारण त्या मला समजावायला लागल्या. “मावशी, यांचं लिहिलं तर बाकीचे साठ जण उद्या येतील. वाढदिवसाच्या भागात लिस्टबाहेरचं एकही नाव नको. आलं तर मला फळा टाइम ऑफिसकडे द्यावा लागेल.”

मी ‘बरं’ म्हटलं. चौदा वर्षांत मी मॅडमचा शब्द मोडलेला नाही. जिना उतरताना मामा म्हणाले, “जाऊ द्या ताई. खीर मिळतीच की.”

* * *

संकष्टीचा तो दुसरा दिवस बुधवारी आला. मामांनी सात वाजता फळा पुसला आणि ते ताटं काढायला आत गेले. मी पुस्तक उघडलं आणि लिहायला घेतलं. त्या तारखेला एका परदेशी गणितज्ञाचा जन्म होता आणि एका गायकाचा मृत्यू. ते लिहिलं. वाढदिवसाच्या भागात यादीप्रमाणे पेंट शॉपच्या एका मुलाचं नाव लिहिलं. मेनू आपांनी सांगितला: मटकी, पोळी, भात, खीर.

“खीर?” मी विचारलं. “आपा, आज कुणी सांगितली?”

“कुनी कशाला सांगाय पायजे? मेनू माझा हाय.”

पहिला चहा आठला सुटला. हिंजवडीकडून येणारा एक नवा ट्रेनी फळ्यासमोर थांबला, अगदी वरपासून वाचायला लागला, आणि मोठ्यानं म्हणाला, “मावशी, हे भिकाजी सखाराम शेडगे कोण? स्वातंत्र्यसैनिक का?”

मामा कपांचा ट्रे घेऊन मागेच उभे होते. “न्हाई,” ते म्हणाले, “कपबशा धुतो.”

मग ट्रे ठेवून त्यांनी फळा वाचला. त्यांना वाचायला वेळ लागतो. ‘जन्म’च्या पुढे गणितज्ञ आणि त्यांच्या शेजारी भिकाजी सखाराम शेडगे. ‘मृत्यू’च्या पुढे गायक आणि त्यांच्या शेजारी राधाबाई शेडगे, वरील शेडगे यांची आजी.

“आजीचंबी लिव्हलंत,” एवढंच म्हणाले.

साडेबाराला शिल्पा मॅडम जेवायला आल्या. हात धुता धुता त्यांची नजर वर गेली. कॅन्टीनमध्ये त्या वेळी शंभर माणसं होती, आणि ती सगळी फळा वरपासून वाचायला लागली.

“मावशी, आपलं काय ठरलं होतं? वाढदिवसात लिस्टबाहेरचं नाव—”

“वाढदिवसात नाही मॅडम,” मी म्हटलं. “दिनविशेषात आहे.”

मॅडमनी फळा पुन्हा वाचला. वाढदिवसाचा भाग दोनदा वाचला.

“दिनविशेष कुठून घेता तुम्ही?”

“पुस्तकातून. आज थोडा आक्कांकडून.”

आपांनी खिरीची पहिली वाटी केव्हाच मामांपुढे ठेवली होती. दुसरी त्यांनी मॅडमच्या ताटात ठेवली. मॅडम ताट घेऊन मामांच्या समोरच्या बाकावर बसल्या आणि जेवल्या.

गुरुवारची सुट्टी झाली आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता भिकूमामांनी फडकं ओलं केलं, पिळलं, आणि फळा वरपासून खालपर्यंत पुसला.