गोपीचंदची जीप आणि जळकं ऑइल

तुमसरच्या वाटेवरच्या एका गावात मच्छीमार संस्थेची जुनी फोर-व्हील जीप आहे, आणि ती चालवतो गोपीचंद. हा माणूस स्वतःच्या अंगाला दिवाळीशिवाय तेल लावत नाही. जीपला मात्र दर पंधरा दिवसांनी लावायचा. पोतं अंथरून खाली शिरायचा आणि डब्यातलं जळकं ऑइल ब्रशने तिच्या पोटाला भरभरून चोपडायचा. बाहेर आल्यावर त्याची बायको रुखमा त्याला आधी आंघोळीला पिटाळायची, मग चहाचं विचारायची.

दोष द्यायचाच तर घराण्याला द्यावा. धीवराच्या घरी लाकडी डोंगा पाण्यात सोडण्याआधी त्याला जवसाचं तेल पाजायची रीत. आज्याने पाजलं, बापाने पाजलं, डोंगे वर्षानुवर्षं टिकले. चिखलपाण्यात जाणाऱ्या वस्तूला तेल हवंच, हे गोपीचंदच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की जीप लाकडाची नाही, ही किरकोळ बाब त्याला कधी आडवी आली नाही.

जीप यायच्या आधी मासळी बायकाच वाहायच्या. निथळती टोपली डोक्यावर, तलावाच्या पारावरून, म्हणजे बांधावरून, डांबरी सडकेपर्यंत दीड कोस. रुखमाने वीस वर्षं वाहिली. चिखलातून पार चढू शकेल अशी गाडी ही एकच, आणि वर्षभरात तिच्या गिअरबॉक्सचं फाउंडेशन दोनदा तुटलं. गिअरबॉक्स ज्या रबरी गादीवर टेकतो, तिला मिस्त्री लोक फाउंडेशन म्हणतात. ती गेली की गिअरचा दांडा थडथडतो, गिअर निसटतो आणि गाडी मालासकट वाटेत बसते. दुसऱ्या खेपेला सगळी मासळी नासली. संस्थेचे सचिव मधुकरराव तसे भले गृहस्थ, पण त्या दिवशी तेही वैतागले.

"गोपीचंद, आता तिसऱ्यांदा तुटलं त गाडी भंगारात. मंग बायकायले टोपल्या उचलाच लागन. माह्याजवळ दुसरा इलाज नाही."

गोपीचंदला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी जीप ओढत नेली शहापूरला, भैय्याजी मिस्त्रीकडे. भैय्याजीने तुटकी गादी काढून तळहातावर घेतली आणि अंगठ्याने दाबली. अंगठा आत रुतला.

"भाऊ, हे ऑइल कोन लावते?"

"मीच. दर पंधरा दिवसाले," गोपीचंद छाती काढून म्हणाला.

"मंग तुमीच मारलं हिले. रबर तेलानं फुगते आन् सडते. साबणाच्या पाण्यानं धुवा, कोरडं करा. आठवड्याले बोल्ट पाहा, ढिले दिसले त कसून टाका. आन् चिखलात फसल्यावर तुमी क्लच झटक्यानं सोडता ना, मागं-पुढं, मागं-पुढं? तो सारा मार या गादीवर बसते."

गोपीचंदचं तोंड एवढंसं झालं. तो झटका म्हणजे त्याची पंचक्रोशीतली कीर्ती! कितीही रुतो, गोपीचंद टोपली न उतरवता गाडी काढतो, असा लौकिक. आणि तेलाचं तर त्याच्या मनालाच लागलं. पोराला लाडाने खाऊ घालावं आणि त्याचंच पोट बिघडावं, तसं झालं होतं. घरी येऊन त्याने ऑइलचा डबा शेजारच्या सोमाजीला बैलबंडीच्या चाकांसाठी देऊन टाकला. दर आठवड्याला साबणाचं पाणी, फडकं आणि पाना घेऊन तो जीपखाली जाऊ लागला.

होळीनंतर तलाव उतरला आणि मोठं जाळं पडलं. रोहू, कतला, टोपल्या काठोकाठ. जीप भरली, आणि पाराच्या पायथ्याशीच चाकं रुतली. जाळेकरी कौतुकाने गोळा झाले. "मारा झटका, गोपीचंदभाऊ!" वर पारावर मधुकरराव हात मागे बांधून उभे होते.

गोपीचंदचा पाय क्लचवर होता. त्याने इंजिन बंद केलं.

"टोपल्या उतरवा. रिकामी वर नेतो, मंग भरू."

हशा पिकला. "जीपले नव्या नवरीवानी जपून राहिला!" कोणीतरी ओरडलं. गोपीचंद कानापर्यंत लाल झाला. रुखमाने पदर खोचला, चुंबळ केली आणि टोपली डोक्यावर घेतली. तिच्यामागे बाकीच्या बायका निघाल्या. पुरुषाने जाळं ओढायचं, टोपली बाईने वाहायची, हीच तिथली रीत. गोपीचंद क्षणभर घुटमळला. मग खांद्यावरच्या दुपट्ट्याची चुंबळ करून त्यानेही एक टोपली उचलली.

चढ चाळीस पावलांचा. दहाव्या पावलाला मान ताठली. मासळीचं पाणी डोळ्यांत उतरलं. विसाव्या पावलाला तो थांबला. टोपली जड असते हे त्याला ठाऊक होतं, नागपूर लांब आहे हे ठाऊक असतं तसं. रुखमा वर टोपली ठेवून परत आली आणि तिने त्याच्या टोपलीला हात लावला.

"उतरवू का?"

"नोको."

वर पोचून तो मटकन बसला. बराच वेळ त्याला दम लागला होता.

"वीस वर्षं तू..." एवढंच बोलला.

"सडक इथून दीड कोस हाये," रुखमा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, वाटसरूला वाट सांगावी तसं ती बोलली.

गोपीचंद खाली गेला आणि रिकामी जीप पहिल्या गिअरमध्ये सावकाश वर घेऊन आला. टोपल्या भरल्या, बायका दाटीवाटीने बसल्या. मधुकररावांनी खिडकीशी येऊन विचारलं, "टिकन का रे आता गाडी?"

गोपीचंदने शेजारी बसलेल्या रुखमाकडे पाहिलं. ती एका हाताने मान चोळत होती.

"टिकवतो," तो म्हणाला. "हिच्या डोक्यावर आता टोपली नाही चढू देत मी."